आठ सेंटिमीटर

जूनमध्ये इथे सकाळी दहाला उजाडतं
आणि साडेपाचला दिवस दुकान बंद करतो.
वारा घराच्या पत्र्याला नखं लावत हिंडतो.
अशा महिन्यात स्वयंपाकघर उकलायला घेऊ नये
हे पुंता अरेनासचं शेंबडं पोरही सांगेल.
येर्कोला कोण सांगणार?
बोटीच्या इंजिनावरून निवृत्त होऊन
त्याला तेरा दिवस झाले होते
आणि घरातला एकही स्क्रू
त्याच्या नजरेतून सुटत नव्हता.

पहिल्या दिवशी ओटा निघाला.
लेंगाच्या लाकडाचा, सासऱ्यांच्या हातचा,
सासूबाईंच्या मापाचा.
सहा फुटांना दोन बोटं कमी अशी बाई;
मला म्हणायची, आमची चिलोएची बुटकी.
प्रेमानं म्हणायची, असं येर्को म्हणतो.
एकतीस वर्षं मी त्या ओट्याशी
खांदे कानाला टेकवून कांदा चिरला,
सफरचंदांच्या खोक्यावर चढून पावाचं पीठ मळलं,
आणि दार उघडायला खोक्यावरून उतरले
की पुन्हा आपली बुटकी.

भिंत उघडली तर आत मेंढीची लोकर,
साठ वर्षं कोंडलेली,
तरी वास अजून मेंढीचाच.
नळ तोडला. गॅस तोडला.
सात आठवडे मी भांडी बाथटबमध्ये घासली,
शॅम्पूच्या बाटलीला कढई टेकवून.
सकाळचा माते, आमचा तो कडू काढा,
पलंगावर बसून, एकाच नळीनं, आलटूनपालटून.
शेजारचे ओलेगारियो रोज येत,
एक डोळा मिटून कोपरे बघत,
च्च् करत
आणि जात.

मग मापाची गोष्ट निघाली.
तो म्हणाला, ब्याण्णव.
इंजिनखोलीत वाकून वाकून पाठीची कमान झालीय,
आणि यापुढे स्वयंपाक मी करणार.
मी हसले. हसायला नको होतं.
मी म्हणाले, चौऱ्याऐंशी.
आठ सेंटिमीटरांवरून आम्ही चार दिवस अबोला धरला.
मोजपट्टी आमच्या मध्ये, टेबलावर,
जीभ बाहेर काढून पडलेली.

चौथ्या रात्री तीनला जाग आली.
शेजारची उशी गार.
स्वयंपाकघरात दिवा.
जुना ओटा करवतीसाठी दोन तिवयांवर ठेवलेला,
आणि त्याच्यापुढे येर्को, गुडघ्यांवर,
माझ्याएवढा.
खांदे कानाशी नेऊन कांदा चिरत होता.
वाईट चिरत होता.
मधेच थांबून त्यानं मान चोळली,
नेमकी तिथे, जिथे मी चोळते.

मी काही बोलले नाही.
परत जाऊन डोळे मिटून पडले.
तो आला तेव्हा हातांना कांद्याचा वास होता.
सकाळी भिंतीवर
पेन्सिलीच्या दोन रेघा.

आता आमच्या ओट्याला एक पायरी आहे.
कागदावर आठची, प्रत्यक्षात साडेनऊची,
कारण जमीन खिडकीकडे उतरते
आणि हे आम्हाला शेवटी कळलं.
ओलेगारियोंना ती चूक वाटते.
एक फरशी कमी पडली,
तो हिरवा रंग आता दुकानात येत नाही;
तिथे पावाचा डबा ठेवलाय.
खोक्यात बटाटे.

रविवारी तो वरच्या अंगाला मासा तळतो,
निम्मा करपवतो.
मी खालच्या अंगाला पीठ मळते,
दोन्ही पाय जमिनीवर.
कॉफी सांडली की पायरी उतरून
माझ्याकडे येते.
नोल्फा, तुझ्या बाजूला सांडलंय, तो म्हणतो.
उगम बघ, मी म्हणते.
फडकं कुठल्या बाजूला टांगायचं
ते अजून ठरायचंय.